सामाईक भिंतीखालून

फैजपूरहून रमजान तडवी आला तेव्हा
बापू हेल्सिंकीशी बोलत होते.
गच्चीवर चाळीस फुटी पाइप, वर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या,
काड्यांवर पोपट,
आणि खिडकीच्या फटीतून आत शिरलेली काळी केबल.
आभाळ भरलं की बापू ती उपटायचे,
टोक काचेच्या बरणीत ठेवायचे.
लोणच्याची बरणी. आईने तिच्यावरचा हक्क कधीच सोडला होता.

रमजानने बरणी पाहिली. हसला नाही.
"सर, कोसभर उडी मारून जी येते
ते तुमच्या काचेले घाबरंल?"

मग मागच्या अंगणात खड्डा, आठ फूट.
काळी माती, पहारीला चिकटून वर येणारी.
तांब्याचा पत्रा, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा.
"वायरीले वयन देऊ नका,
ईजेले वयन आवडत नही.
तुम्ही वयवा, ते भीत फोडून सरळ जाईन."
पाइपापासून जमिनीपर्यंत पट्टी त्याने अशी उतरवली
जसं आजारी माणसाला जिन्यावरून आणतात.
केबललाही घरात शिरण्याआधी,
बाहेरच्या बाहेर, जमीन दाखवली.

मीटर लावला. गप्प झाला.
"घराचं अर्थिंग कुठी आहे?"

बापू रेडिओची बटणं पुसायला लागले.

अर्थिंग भिंतीपलीकडे.
वाटणीच्या वेळी विहिरीची पाळी मोजली,
केळीची खोडं मोजली, घंगाळं, पायल्या, वरवंटासुद्धा.
जमिनीत गाडलेली सळई कोणी मोजली नाही.
मीटर दोन झाले, सळई एकच राहिली,
ती काकांकडे गेली.
अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षांत बापू मॉरिशसशी बोलले, कझाकस्तानशी,
एकदा अंटार्क्टिकावरच्या एका स्वयंपाक्याशी, कांद्यांबद्दल.
भिंतीपलीकडून खोकला आला
की आवाज वाढवायचे.

"दोन अर्थ येगळे नही ठेवता येत, सर.
पडली म्हणजे इकडची माती चढते,
तिकडची तशीच राहते,
अन् मधला फरक तुमच्या घरातून वाहतो.
जोडाच लागंल. भीतीखालून."
'भीत' म्हणजे त्याच्या बोलीत भिंत.
बापूंनी दुसरंच काही ऐकल्यासारखं केलं.

मी गेले.
काका ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते.
सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत,
नाही म्हणाले नाहीत.
उठले, म्हशीचा खुंटा उपटला,
चार हात लांब ठोकला
आणि पुन्हा नळ्या गुंडाळायला बसले.

संध्याकाळपर्यंत पट्टी पायाखालून पार झाली.
रमजानने मीटर पुन्हा लावला,
आकडा खडूने भिंतीवर लिहिला, दोन्ही बाजूंना:
दोन पूर्णांक आठ.
पैसे मोजताना म्हणाला,
"वैशाखात काळी माती फाटते, सळई सोडून देते.
आठ दिवसाले बादलीभर पानी. इसरू नका."

बापू विसरले.
त्यांना फिनलंडमधली पहाट पाठ आहे,
बादली कुठे असते ते नाही.
मीही विसरले, परीक्षा होत्या.
मेच्या शेवटी मागे गेले,
वाटलं खड्ड्यात बोट जाईल एवढी भेग असेल.
माती ओली होती. ताजी.
भिंतीवर उपडी घातलेली निळी बादली.
आमची लाल आहे.

त्याच रात्री सातपुड्याकडून आलं,
पाऊस नाही, नुसतं वारं आणि लखलखाट,
बांधापलीकडे केळी आडवी पडत असल्याचा आवाज.
बापूंनी केबल उपटली, सवयीने बरणी शोधली.
तिच्यात कैरीच्या फोडी होत्या, मेथीदाणा,
तोंडाला फडकं बांधलेलं.

लाइट गेली.
भिंतीपलीकडे खोकला.
बापूंचा हात बटणापर्यंत गेला.
रेडिओ बंद होता,
वाढवायला आवाजच नव्हता.